भुसा : खळ्यापासून करवतीपर्यंत

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी हिमायतनगरातल्या घराच्या मागच्या खोलीत सुतारकाम मांडले. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवणारे, दोघांचीही चाळिशी उलटलेली, आणि दोघांच्याही घरी पुस्तकांना जागा उरलेली नव्हती. गल्लीतले एक जुने माळवद उतरवले गेले, तेव्हा त्यातल्या सागाच्या तुळया व फळ्या रास्त भावात मिळाल्या. त्यांतून पुस्तकांच्या मांडण्या करायच्या, असे ठरले. त्यासाठी लाकूड सरळ आणि तिरपे कापणारी विजेची करवत आणली. बाजारात तिला मायटर सॉ म्हणतात. तसबिरीच्या चौकटीचा कोपरा जुळवायला दोन पट्ट्या जशा तिरप्या कापाव्या लागतात, तसा काप ती क्षणात देते. पाते वरून खाली आणायचे, की काम झाले.

काम झाले खरे, पण खोली राहिली नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तकांवर, खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर तांबूस पिठाचा थर बसला. आमच्यापैकी एकाच्या शिंका थांबेनात, दुसऱ्याच्या मनगटावर पुरळ उठले. शेजारी वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा जाऊ नये म्हणून आम्ही दार-खिडक्या लावून घेत होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतले सुतारमामा डोकावले. पन्नास वर्षे त्यांनी हेच काम केलेले. खोलीभर नजर टाकून ते म्हणाले, "सर, असं कोंडून घेऊन कापत असतेत का कुणी? आमी लिंबाखाली बसून कापत होताव. भुसा वाऱ्यानं जायचा." आणि खोकले. हा खोकला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गल्लीत तो त्यांच्या आवाजाचाच एक भाग मानला जातो.

मामांच्या त्या बोलण्याने आमच्या कामाला वेगळेच वळण लागले. भुसा वाऱ्याने जायचा, म्हणजे नेमका कुठे जायचा? आणि वारा बंद केल्यावर तो कुठे जातो? आम्ही पेशाने शब्दांची माणसे, म्हणून शब्दापासूनच आरंभ केला.

*

'भुसा' हा शब्द मुळात सुताराचा नाही. संस्कृतात 'बुस' म्हणजे धान्याचा कोंडा, फोलपट. तिथून भूस, भुसा, भुसकट ही सारी मंडळी मराठीत आली, आणि ती आली खळ्यावर. मळणी झाल्यावर शेतकरी उंचावर उभा राहून सुपातून धान्य सोडतो. जड दाणा पायाशी पडतो, हलका भुसा वारा पुढे नेऊन टाकतो. या क्रियेला आपण उपणणे म्हणतो. लाकडाच्या चुऱ्याला भुसा हे नाव मिळाले ते या साम्यावरून, हे उघड आहे. परंतु साम्याबरोबर एक समजूतही त्या शब्दातून आली असावी, असे आम्हांला वाटते. ती अशी की, भुसा म्हणजे जे आपोआप उडून जाते ते. त्याची काळजी वारा घेतो.

सुताराच्या इतर शब्दांकडे पाहिले तर त्याच्या कामाची भाषा किती ठिकाणांहून आली हे दिसते. 'करवत' हा संस्कृत 'करपत्र' या शब्दाचा वारस. 'रंधा' आणि 'गुण्या' हे फारसीच्या वाटेने आलेले. 'सुतार' शब्दामागे 'सूत्रधार' आहे, म्हणजे सूत धरणारा, लाकडावर रेघ आखणारा. नाटकातला सूत्रधार आपण वर्गात दरवर्षी शिकवतो; त्याचा हा श्रमकरी भाऊबंद मात्र अभ्यासक्रमात येत नाही. या सर्व शब्दांत आखणे, कापणे, तासणे, मोजणे या क्रियांना स्वतंत्र नावे आहेत. कापताना जे उडते त्याला मात्र शेतकऱ्याकडून उसने आणलेले नाव पुरले. आपली भाषा घडलेल्या वस्तूकडे पाहत होती, उडालेल्या कणाकडे पाहण्याचे तिला कारण पडले नव्हते.

कारण का पडले नव्हते, याचेही उत्तर त्या काळच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. गावाची जी व्यवस्था त्यात वर्णिली आहे तिच्यात सुतार हा प्रमुख बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, तिफण, गाडीची चाके ही त्याची वर्षभराची कामे, आणि त्याचे बलुते त्याला मिळायचे ते धान्याच्या रूपाने, सुगीच्या वेळी. म्हणजे शेतकऱ्याचा भुसा उडून गेल्यावर जी रास उरे, तिच्यातून लाकडाचा भुसा पाडणाऱ्याचा वाटा निघे. दोन्ही भुसे एकाच गावाच्या उघड्या वाऱ्यात होते.

हाताच्या करवतीचा भुसा जाडाभरडा असतो. सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून कापतो, तेव्हा बहुतेक भुसा त्याच्या पायाशीच पडतो. वाकसाने तासलेल्या ढलप्या आणि रंध्याचे वळलेले पापुद्रे तर उडतही नाहीत. पडलेल्याचे पुढे चीज होई. ढलपी चुलीत जाई. भुसा डब्यात ठासून, मध्ये भोक ठेवून पेटवलेली भुशाची शेगडी आमच्या पिढीने घरात पाहिली आहे. बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून येत. त्या काळच्या सुताराला धुळीचा त्रास नव्हता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु उघडी जागा, सावकाश चालणारा हात आणि जाड कण या तीन गोष्टी त्याच्या बाजूने होत्या. पुढच्या शंभर वर्षांत या तिन्ही एकेक करून गेल्या.

*

हिमायतनगरला जुनी माणसे अजून वाढोणा म्हणतात. इथून आगगाडीने आदिलाबादकडे निघाले, की सहस्रकुंड आणि किनवट लागते. किनवट आणि माहूर हा सागाच्या जंगलाचा मुलूख. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या जंगलाने मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना खांब, तुळया आणि दारे पुरवली. आमच्याकडे घर 'खणा'त मोजत, म्हणजे दोन तुळयांमधल्या अंतरात. लाकूड हेच घराचे माप होते.

पुढे लाकूड कापणे हातांकडून यंत्राकडे गेले. आरागिरण्या आल्या. गिरणीच्या पट्टीकरवतीखाली ओंडका तासाभरात फळ्या होऊन पडू लागला, आणि गिरणीमागे भुशाचे ढीग उभे राहिले. बाया-माणसे गोण्या भरून ते नेत. या लाकडाचा हिशेब सरकारदरबारी चोख राहिला. घनफूट, घनमीटर, वाहतुकीचा परवाना, ओंडक्यावरची हातोड्याची खूण, सर्व काही नोंदले गेले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर तर देशभरातल्या आरागिरण्यांवर कडक नजर आली. जंगल वाचवण्यासाठी ते आवश्यकच होते. मात्र या सगळ्या कागदांत झाड आहे, फळी आहे, परवाना आहे. गिरणीवर उभा राहिलेला माणूस दिवसाकाठी काय श्वासात घेतो, हा रकाना नाही.

तो रकाना मुळीच नव्हता असेही नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २३ सप्टेंबर १९४८ रोजी, दिल्लीत कारखाने अधिनियमाला मंजुरी मिळाली. त्याचे चौदावे कलम धूळ आणि धुराविषयी होते. त्याचा आशय असा की, कामगाराला अपायकारक किंवा त्रासदायक धूळ निघत असेल तर ती श्वासात जाऊ नये व साचू नये, याचे परिणामकारक उपाय करावेत. धूळ ओढून घेणारे यंत्र लागत असेल तर ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे, आणि उगमाची ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. धुळीविषयी आम्ही पुढे जे काही शिकलो त्याचे सार या दोन वाक्यांत आहे.

अडचण होती ती व्याख्येची. वीज वापरून काम होत असेल तर किमान दहा कामगार असल्याशिवाय ती जागा या कायद्याच्या लेखी सर्वसाधारणपणे कारखाना ठरत नसे. २०२० सालच्या कामगारविषयक संहितेने हा आकडा वीस केला. तालुक्याच्या गावात वीस माणसांचे सुतारकामाचे दुकान कुठे असते? बाप, मुलगा आणि एखादा शिकाऊ पोरगा, एवढाच त्याचा पसारा. कायद्याने जे शहाणपण लिहून ठेवले ते या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलेच नाही.

*

धुळीकडे पाहण्याची दृष्टी जगात तरी कधी आली, हे शोधताना आम्हांला पुन्हा धान्याचाच भुसा भेटला. इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे वैद्यांना सांगणारा म्हणून तो आजही स्मरणात आहे. धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या मजुरांच्या घशाला आणि फुप्फुसांना त्या धुळीने काय होते, हे त्याने स्वतंत्रपणे लिहिले.

पुढचा टप्पा अपघाताचा आहे. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे वॉशबर्न यांची प्रचंड पिठाची गिरणी हवेत साचलेल्या पिठाच्या धुळीने स्फोट होऊन उडाली. अठरा माणसे मेली. त्यानंतर गिरण्यांत धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांचा शोध वेगाने सुरू झाला. १८८० च्या दशकात चक्रवाती संग्राहक, म्हणजे सायक्लोन, तयार झाला. नरसाळ्यासारख्या उभ्या भांड्यात धुळीची हवा कडेने शिरते आणि गरगरत खाली जाते. जड कण भिंतीला घासत तळाशी पडतात, हलकी हवा मधून वर निघून जाते. विचार केला तर ही उपणणीच आहे. खळ्यावर दाणा आणि भुसा वेगळे करायला सरळ वाहणारा वारा लागतो, इथे तोच वारा गोल फिरवलेला आहे. फरक एवढाच की खळ्यावर जे टाकायचे ते वाऱ्यावर जाते, आणि इथे जे टाकायचे तेच धरून ठेवायचे असते.

लाकडाच्या धुळीची पाळी फार उशिरा आली. इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्या आणि फर्निचरचे गाव. तिथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर एस्मी हॅडफील्ड यांना नाकाच्या एका अत्यंत विरळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कामगारांत वारंवार आढळू लागले. डोनाल्ड अॅचेसन व इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर अनेक देशांत तसेच दिसून आले, आणि १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मनुष्यात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. सुट्टीत चार फळ्या कापणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र दमा, सततची सर्दी, त्वचेचा दाह यांना तितकी वर्षे लागत नाहीत. साग आणि शिसव या आपल्या दोन्ही मानाच्या लाकडांची धूळ त्वचेला झोंबते, हे वैद्यकात नोंदलेले आहे. मनगटावरच्या पुरळाचा अर्थ आम्हांला तेव्हा लागला.

*

आता आमच्या करवतीकडे येतो. तिचे पाते दहा इंची. मिनिटाला साडेचार ते पाच हजार फेरे घेणाऱ्या अशा पात्याच्या दातांचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जातो. हात सावकाश चालणे गेले ते इथे. इतक्या वेगाचा दात लाकडाचे पीठ करतो. त्यातले जाड कण खाली पडतात, ते दिसतात आणि झाडता येतात. अपाय करणारे कण दिसत नाहीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. दहा मायक्रॉनहून बारीक कण छातीत उतरू शकतात. स्तब्ध हवेत दहा मायक्रॉनचा कण माणसाच्या उंचीवरून खाली यायला कित्येक मिनिटे घेतो आणि एक मायक्रॉनचा कण कित्येक तास. म्हणजे काम संपवून, खोली झाडून, चहा घेऊन आपण तिथेच वाचत बसलो तरी सकाळची करवत हवेत असतेच.

त्यातही ही करवत धूळ आवरण्याच्या दृष्टीने विशेष अवघड. पाते लाकडाला मागच्या आडपट्टीकडे दाबत कापते, त्यामुळे भुशाचा झोत मागे फेकला जातो. तिथे यंत्राला एक तोटी असते खरी, पण ती अरुंद. शिवाय तिरपा काप घ्यायला पाते डावीउजवीकडे वळवले की झोताची दिशाही वळते. आम्ही प्रथम घरातला केर ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर तोटीला लावला. थोडा भुसा गेला, बराचसा मागच्या भिंतीवर आपटून खोलीभर झाला.

चूक कुठे होते आहे, हे कळायला एक घरगुती प्रयोग पुरला. समोरचा दिवा हातभर अंतरावरून फुंकून विझवता येतो. तेवढ्याच अंतरावरून श्वास ओढून तो विझवून पाहावा! फुंकलेली हवा झोत धरून दूर जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतके दूर गेले तरी ओढ जेमतेम दहाव्या हिश्शावर येते. तेव्हा नळी कितीही जोरकस असो, ती उगमाला भिडली पाहिजे, किंवा उडालेला झोत तिच्या तोंडी येईल अशी वाट बांधली पाहिजे. १९४८ च्या कायद्यातले 'शक्य तितके जवळ' आणि 'शक्य तितके बंदिस्त' हे शब्द असे भौतिकशास्त्रातून आलेले आहेत.

मग आम्ही करवतीच्या मागे प्लायवुडचे एक खोके उभे केले, पुढून उघडे, पाते दोन्ही टोकांना वळले तरी झोत आत पडेल इतके रुंद. त्याचा तळ उतरता ठेवला आणि सर्वांत खालच्या जागी चार इंची नळी लावली. तिला मोठ्या पंख्याचे धूळ ओढणारे यंत्र जोडले, कारण इथे दाबापेक्षा हवेचे प्रमाण महत्त्वाचे. मध्ये झाकणाच्या पिंपावर एक सायक्लोन बसवला. भुसा पिंपात राहतो, आणि उरलेली बारीक धुळीची हवा भिंतीतल्या भोकातून परसात, वस्तीच्या उलट्या अंगाला जाते. करवतीची छोटी तोटी व्हॅक्यूमलाच राहू दिली. पाते खाली आणताना घाई करायची नाही, आणि ते पूर्ण थांबल्यावरच वर उचलायचे, एवढी शिस्त घातली. झाडण्याआधी जमिनीवर पाण्याचा हलका शिपका मारतो. तोंडावर एन-९५ मुखपट्टी असते.

रात्री दिवे मालवून विजेरीचा झोत खोलीत टाकला तर पूर्वी त्यात धुके दिसे. आता तुरळक कण दिसतात. सगळे थांबले असे नाही. तिरप्या कापाला अजून काही भुसा निसटतो. पण पुस्तकांवर थर बसत नाही.

*

हे सारे मामांना दाखवले तेव्हा त्यांनी खोक्याला हात लावून पाहिले आणि गप्प राहिले. मग म्हणाले, "पोराच्या दुकानात या एकदा."

त्यांचा मुलगा रस्त्यावर भाड्याच्या गाळ्यात फर्निचर करतो. साग आता परवडत नाही. काम प्लायवुडचे आणि एमडीएफचे. या पाट्यांतले कण चिकटवायला बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक वापरतात, तेव्हा त्यांच्या भुशात लाकडाखेरीज तोही येतो. धूळ समोरच्या हॉटेलात जाते अशी तक्रार झाल्यापासून तो शटर अर्धे खाली ओढून काम करतो. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. अर्ध्या शटरखालून आत वाकलो, तर दोन ट्यूबलाइटच्या उजेडात सारे काही पांढुरके, आणि त्यात एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पाट्या धरून उभा. नाकाला रुमाल बांधलेला.

लिंबाखालचा वारा गेला, तेव्हा भुसा कुठे जाऊ लागला याचे उत्तर आमच्यासमोर उभे होते. शेजाऱ्यांचे कपडे वाचावेत म्हणून आम्हीही दार लावले होते. फरक इतकाच की आम्हांला सुट्टी होती, पगार होता, आणि पुरळ उठल्यावर ग्रंथ शोधायला सवड होती. कलाकुसरीच्या दारांवर, वाड्यांच्या खांबांवर आपण लेख लिहितो, विद्यार्थ्यांना सहली काढून दाखवतो. ते दार घडताना जे उडाले त्याची नोंद कुणाच्या तरी छातीतच होते, आणि तो माणूस गेला की ती नोंदही जाते. श्रमाच्या इतिहासाला साधने नाहीत अशी तक्रार आपण नेहमी करतो. मामांचा खोकला पन्नास वर्षे आमच्या खिडकीखाली चालू होता. त्याला साधन समजायला आम्हांला स्वतःला शिंका याव्या लागल्या.

मामांच्या मुलाने आमच्या खोक्याची मापे घेतली. आमचे काम त्याला कच्चे वाटले असावे. आठवड्याने त्याने स्वतः केलेले खोके पाहिले, तर त्याने तळ नुसता उतरता न ठेवता नरसाळ्यासारखा निमुळता केला होता आणि दोन्ही बाजूंना पात्याबरोबर सरकणारे रबरी पडदे लावले होते. धूळ ओढण्याचे यंत्र हप्त्याने घ्यायचे ठरले आहे. तोवर मागच्या भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसला, आणि त्या शिकाऊ मुलाच्या तोंडावर रुमालाऐवजी मुखपट्टी आली.

परवा मामा आमच्याकडे गोणी घेऊन आले. पिंपातला सागाचा भुसा त्यांना शेगडीला हवा होता. तो आम्ही दिला; प्लायवुडचा वेगळा ठेवला आहे, तो जाळू नये असे त्यांना सांगितले. गोणी खांद्यावर घेऊन ते परसातून गेले, आणि लिंबापाशी क्षणभर थांबून, तोंड वळवून, पुन्हा खोकले.